पहिल्या नंबराचं पाणी

दुपारी तीनच्या सुमाराला उतारावरची गल्ली अर्धी झोपेत असायची. मुलं शाळेत, पुरुष कामावर, आणि बाया भांडी घासून झाल्यावर भिंतीला पाठ टेकून डोळे मिटलेल्या. जागं असे ते फक्त ऊन, तेही कंटाळल्यासारखं उंबऱ्यांवरून हळूहळू आत सरकायचं. अशा वेळी कोपऱ्यावर लोखंड दगडाला घासल्याचा आवाज येई आणि डोळे न उघडताच कुणीतरी म्हणे, "आले गं चावीकाका."

चावीकाका म्हणजे पाणी सोडणारे. पाणीखात्याच्या कागदात त्यांचा हुद्दा लांबलचक होता, पण तो त्यांना स्वतःलाही धड पाठ नव्हता. छातीएवढी उंच लोखंडी चावी, खाली चौकोनी तोंड, वर आडवी दांडी. ती खांद्यावर टाकून एकतीस वर्षं ते रोज सात चेंबरं फिरत होते. झाकण उचलायचं, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची, आणि दांडी धरून स्वतःभोवतीच गोल चालायचं. बावीस फेऱ्या झाल्या की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. लहान मुलांना वाटे काका एकटेच काहीतरी खेळतायत, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहराही तसाच असे.

त्यांच्याकडे आणखी एक वस्तू होती, हातभर लांबीचा गज. त्याचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की जमिनीखालचं सगळं ऐकू येतं. पाणी लांबून येताना आधी पलीकडच्या खोलीत कुणी चादर ओढतंय असा आवाज येतो, मग ते वळणावर अडखळतं, खोकतं, आणि मग भरून येतं. काका हे सगळं डोळे मिटून ऐकत. बायको होती तोवर म्हणायची, "त्या पाइपाचं एवढं ऐकता, मग मीच काय तुमचं घोडं मारलंय?" यावर काका हसत, आणि तेही बऱ्याच उशिराने.

पण त्यांचा सगळ्यात आवडता आवाज पाणी बंद केल्यानंतरचा. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपातलं उरलंसुरलं पाणी उताराने खाली निघून जाई, आणि मग रिकामा पाइप एक लांब श्वास आत ओढी. अगदी झोपी गेलेल्या माणसासारखा. ऐकताना काकांच्याही खांद्यातला ताण सैल पडे. मुलगी पाच वर्षांची असताना त्यांनी तिच्या कानाला गज लावला होता आणि कुजबुजले होते, "ऐक. झोपला बघ आपला पाइप." पोरगी त्या दिवसापासून पाइपाला अंगाई म्हणायला बसली, ती शाळेत जाईपर्यंत.

आता नंबराचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

गल्लीच्या तोंडाशी, चेंबरपासून दहा पावलांवर, एक सार्वजनिक नळ. चौतीस घरं, पाऊण तास पाणी. रांगेत हंडे, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, आणि डब्याडब्यांमध्ये जन्मजन्मांतरीची वैरं. काकांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा त्यांची बायको याच रांगेत तेविसाव्या नंबरावर उभी होती, सातवा महिना भरलेला. कुणाचा हंडा लागला, कुणाचं कोपर लागलं की नुसतीच उन्हाने भोवळ आली, ते कधीच कळलं नाही. ती खाली बसली आणि मग तिला उचलूनच न्यावं लागलं. ते मूल गेलं. काका त्या वेळी दहा पावलांवर चावी फिरवत होते, नळाकडे पाठ करून.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले, चावी चेंबरमध्ये घातली आणि तशीच सोडून उभे राहिले. रांग ओरडायला लागली. काका म्हणाले, "पोटुशी असेल तिने पुढे यायचं. ती भरेल, मग बाकीच्यांनी. नाहीतर मी ही चावी फिरवत नाही. जा, माझी तक्रार करा." तक्रार कुणी केली नाही. मागून एक बाई लाजत पुढे आली, आणि काकांनी दांडी धरली.

तेव्हापासून दोन जिवांचा पहिला नंबर हा त्या गल्लीचा कायदा झाला. गल्लीत कुणाला दिवस गेले की ते घरच्यांच्या आधी नळाला कळायचं. एखादी नवी सून सतराव्या नंबरावरून उठून हंडा घेऊन सरळ पुढे चालू लागे, बाया मुकाट्याने वाट देत, आणि मागे उभ्या असलेल्या सासूच्या हातातली बादली गळून पडे. एकीने तर हा मान चांगला अकरा महिने उपभोगला. शेवटी काकांनीच हळूच विचारलं, "बाई, हत्ती होणार आहे का?" ती दुसऱ्या दिवसापासून गुपचूप आपल्या जागी उभी राहू लागली.

काकांना या गोष्टीचा अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण चावी खांद्यावर टाकून घरी जाताना चालण्यात दिसायचा. आणि ते नुसता नंबर देऊन थांबत नसत. चोवीस तासांतले तेवीस तास कोरडा राहिलेला पाइप आधी गंज ओकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून नळ सोडला की ते स्वतः शेजारी उभे राहत आणि शंभर आकडे मोजत. साठपर्यंत पाणी विटकरीसारखं लाल, ऐंशीला फिका चहा, शंभरला स्वच्छ. तळहातावर घेऊन, उन्हात धरून बघत आणि मग म्हणत, "हं, भर आता." लाल गेलं म्हणजे घाण गेली, असं ते एकतीस वर्षं मानत होते. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि चूक आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं मूल गेल्यावर चार वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती, एकुलती एक. ती इतकी उंच झाली की बापच तिला शिडी म्हणू लागला, आणि मग सगळी गल्ली. आई गेल्यावर तिने घर हातात घेतलं. छापखान्यात कागदांच्या घड्या घालायचं काम करी. एवढी सवय की बोलता बोलता समोर दिसेल त्याची, पदराची, रुमालाची, बसच्या तिकिटाची घडी घाली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी एकदा घरी. त्यामुळे लग्न झालं तरी शिडी बापाच्याच घरी राहिली होती, आणि जावयालाही ते सोयीचं होतं.

त्या वर्षी शिडीला दिवस गेले. पहिल्यांदा ती पुढे येऊन उभी राहिली त्या दुपारी काकांनी फेऱ्या चोवीसपर्यंत मोजल्या. बाविसावरच व्हॉल्व्ह संपतो हे विसरून ते जागच्या जागी दांडी ढकलत राहिले, आणि रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

तिच्या आधी नळावर मास्तरीण असायची. मास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी, आणि त्यांची बायको म्हणून ही मास्तरीण. दोन मुली होत्या, हे तिसरं. गोल चेहऱ्याची, खळखळून हसणारी, शिडीच्या महिनाभर पुढे. "शिडीबाई, तुमचं बाळ एवढ्या उंचावरून खाली यायला वेळ लागणार, तोवर मला भरू दे," असं म्हणून ती खुशाल पहिला हंडा लावायची. भरताना ओंजळ धरून तिथेच प्यायची. पाणी हनुवटीवरून ओघळायचं. काका मान फिरवत, पण त्यांना बरं वाटे. इतक्या वर्षांपूर्वी तेविसाव्या नंबरावर उभं राहिलेलं कुणीतरी आता पुढे येऊन पोटभर पाणी पीत आहे, असं काहीसं.

त्याच सुमाराला पाइपालगतचं गटार आठ दिवस तुंबलं. लोक नाकाला रुमाल लावून विटांवरून उड्या मारत होते. मग खात्याची माणसं आली, बांबू घालून ते मोकळं केलं, आणि गल्ली ते विसरली. काका तर आधीच विसरले. गटार हे त्यांचं खातंच नव्हतं.

महिना गेला. आधी किराणा दुकानदाराचे डोळे पिवळे झाले, मग एका गवंड्याचे, मग दोघा भावांचे. कावीळ. पडून राहिले, मळमळ सोसली, कुणी झाडपाल्याचा रस प्याले, आणि तीन आठवड्यांत उठून कामाला लागले. दुकानदाराला लोक चिडवत होते, इतकी वर्षं हळदीत भेसळ केलीस, आता अंगावर आली. कावीळ म्हणजे असंच काहीतरी, येते आणि जाते, असं सगळ्यांना वाटत होतं.

मग मास्तरणीला ताप आला. दोन दिवस ती हसत हसतच ओकत होती. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, चौथ्या दिवशी तिला झोप आवरेना. पाचव्या दिवशी ती नवऱ्यालाच विचारू लागली, तुमचं माप घ्यायचं राहिलंय का? मास्तरांना आधी ती थट्टा वाटली. दवाखान्यात नेलं तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती. दोन दिवसांनी ती गेली, आणि पोटातलं बाळ तिच्याबरोबरच गेलं. मास्तर दोन्ही मुलींना घेऊन बहिणीकडे निघून गेले आणि दाराला कुलूप लागलं.

गल्ली सुन्न झाली. काका रोज पाणी सोडत होते, शंभर मोजत होते. पुढे आता एकटी शिडी.

आठव्या दिवशी सकाळी शिडी दारात उभी राहून केस विंचरत होती. उजेड तिच्या तोंडावर होता. म्हणाली, "बाबा, चहाचा वासच नको वाटतो." काकांनी वर पाहिलं. तळहातावरच्या थेंबात गंजाची छटा ओळखणारा हा माणूस, पण मुलीच्या डोळ्यांचा पांढरा रंग पांढरा राहिलेला नाही हे कळायला त्यांना खूप वेळ लागला. किंवा कळलं लगेच, आणि मान्य करायला वेळ लागला. चावी दाराशी तशीच सोडून ते रिक्षा बघायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, तरुण, झोप न झालेली. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. "काका, ही पाण्यातून येणारी कावीळ आहे. इतरांना ती होते आणि जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या बाईचं यकृत मात्र ती जाळत सुटते. असं का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. हिच्यावर नेमकं औषध नाही. आम्ही जपतो, बाकी तिचं अंग तिने सावरायचं. चार-पाच जणींत एखादी हातची जाते. आपण ती एक होऊ द्यायची नाही, एवढंच."

मग रोजचा एक रिवाज सुरू झाला. सकाळी डॉक्टरीण येई, शिडीला हात पुढे करून बोटं पसरायला लावी, थरथर बघे, आणि विचारे, "आज वार कोणता?" रक्तातलं विष डोक्यात चढू लागलं की माणूस पहिल्यांदा वार चुकतो, हे काकांना एका आयाने सांगितलं होतं. त्यांना आत जाऊ देत नसत. ते पडद्याबाहेर भिंतीला कान लावून उभे राहत.

"आज वार कोणता?"

"बुधवार. आणि काल मंगळवार होता तेही सांगते, म्हणजे उद्या परत विचारायला नको."

काकांचा जीव भांड्यात पडे. पण तो तेवढाच, दुसऱ्या सकाळपर्यंत.

बाकी दिवस व्हरांड्यातल्या बाकावर. तिथे वेळ चालत नसे, नुसता साचून राही. वरच्या पंख्याची सावली फरशीवरून फिरे आणि काकांना आपणच कुठेतरी दांडी धरून गोल फिरतोय असं वाटे. डोळा लागला की ते पाइपात असत. आत ओलसर, ऊबदार अंधार, आणि लांबवर शिडी पाच वर्षांची होऊन अंगाई म्हणते आहे. ते तिच्याकडे चालत, आणि प्रत्येक वळणावर मास्तरीण हंडा कडेवर घेऊन उभी. "काका, आज पण मीच पहिली हं." आणि हसे. जागे झाल्यावरही ते हसू बाकाच्या आसपास कुठेतरी रेंगाळे.

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची एक बाई आली. वयस्कर, पायात रबरी चपला, काखेत रजिस्टर. कावीळ झालेल्या प्रत्येक घरी जाऊन आली होती. बाकावर शेजारी बसून तिने विचारलं, "पाणी कुठून भरता? कोण भरतं, कधी?"

पाण्याचं कुणी विचारलं तर काका नेहमीच सविस्तर सांगत. त्यांनी तीन वाजल्यापासून सांगायला सुरुवात केली. सात चेंबरं, बावीस फेऱ्या, पाऊण तास. मग नंबराचं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "आमच्याकडे पोटुशी बाई रांगेत उभी राहत नाही, ताई. पहिलं पाणी तिचं."

बाईचं पेन थांबलं. "अगदी पहिलं?"

"लाल जाऊ देतो ना! शंभर मोजतो. स्वच्छ काचेसारखं आल्याशिवाय हंडा लावू देत नाही."

"आणि उरलेले तेवीस तास पाइप रिकामा?"

"रिकामा म्हणजे कोरडा. पाणी बंद केलं ना, की तो असा श्वास ओढतो..."

काकांनी श्वास ओढून दाखवला. छाती भरली आणि ते तिथेच थांबले. रिकामा पाइप श्वास ओढतो, तर तो ओढतो कुठून? फुटक्या सांध्यांतून. आणि सांध्यांबाहेर काय होतं? एकतीस वर्षं ते गज लावून कौतुकाने ऐकत होते तो आवाज गटार आत शिरण्याचा होता.

"त्या विषाला रंग नसतो, काका," बाई हळू म्हणाली. "लाल गेलं तरी ते जातंच असं नाही. सुरुवातीच्या पाण्यात ते सगळ्यात जास्त असतं. पहिल्या माणसाचे डोळे पिवळे झाले त्याच्या महिना-दीड महिना आधी काही झालं होतं का गल्लीत?"

"गटार तुंबलं होतं," काका म्हणाले. "आठ दिवस."

बाईने लिहून घेतलं. मग रजिस्टर मिटून ती म्हणाली, "हे बघा, मागच्या बायांनी भरलं तेही काही फार चांगलं नव्हतं. पुरुषांनाही झालीच ना? नंबरामुळेच झालं असं मी लिहिणार नाही, कारण तसं मला सिद्ध करता येणार नाही. पाइप तुम्ही फोडला नाहीत. पाणी उकळा, मी जंतू मारायचे थेंब देते तेही टाका, आणि पहिली दहा मिनिटं कुणालाच भरू देऊ नका." तिचं म्हणणं रास्त होतं आणि मनापासून होतं, पण काकांच्या ते कानांपर्यंतच गेलं. आत एकच गोष्ट घुमत होती. बायकोसाठी म्हणून जो नंबर मी दिला, त्या नंबराने मी पोरीला सगळ्यात घाण पाणी पाजलं. मास्तरणीलाही. हाताने मोजून, उन्हात धरून, "भर आता" म्हणून.

सहाव्या सकाळी डॉक्टरणीने विचारलं, "आज वार कोणता?"

मग शिडीचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "घडी नीट बसत नाहीये."

काका भिंतीपासून मागे सरकले. आत धावपळ झाली. दुपारी कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून दोन महिने होते. संध्याकाळी आया बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी आहे, तळहाताएवढी, पण रडली. शिडी मात्र उठत नव्हती. तो दिवस गेला, त्यानंतरचाही गेला. जावई ट्रक वाटेतच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन येऊन पोचला आणि सासऱ्याशेजारी बाकावर बसला. काका देवाला काही मागत नव्हते. मागायला तोंड कुठे होतं? ते नुसते ऐकत होते. पडद्यापलीकडे तिचा श्वास आत जाई, बाहेर येई, आणि प्रत्येक वेळी मध्ये तो थांबे तेव्हा काकाही थांबत.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरणीने सवयीनेच विचारलं, उत्तराची आशा न ठेवता. "आज वार कोणता?"

"मला काय माहीत?" खरखरीत, चिडका आवाज आला. "मी झोपले होते ना?"

डॉक्टरीण इतक्या जोरात हसली की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. काका मात्र खाली बसले, फरशीवरच, आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांना रडताना जावयाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. काय करावं ते न कळून तो त्यांच्या पाठीवर ट्रकचा टायर तपासतात तशा थापा मारत राहिला.

तीन आठवड्यांनी शिडी घरी आली, आणि आणखी काही दिवसांनी बाळही. त्या दिवशीच काकांनी तिला सगळं सांगितलं. ती बाळाच्या दुपट्याची घडी घालत ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही पण तेच पाणी पीत होता ना?"

"हो."

"मग झालं तर." आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. शिडीने माफ केलं, आणि तिच्यापुरतं ते सोपं होतं. ती जिवंत होती.

काका कामावर परतले. खात्याने पाइप बदलायचा कागद मंजुरीला पाठवला होता, तो कुठेतरी फिरत होता. तोवर काका नळ सोडत आणि दहा मिनिटं पाणी रस्त्यावर वाहू देत. गल्लीला हे पटायला वेळ लागला. पाऊण तासातली दहा मिनिटं म्हणजे काय थट्टा आहे? बाया वाट्टेल ते बोलत, काका ऐकून घेत. पहिल्या नंबराला आता कुणी पुढे येत नव्हतं. पोटुशी बाईला काका उकळलेलं पाणी घरी नेऊन देत, स्वतःच्या चुलीवर उकळून. का, ते मात्र त्यांनी शिडीखेरीज अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी ते चेंबरचं झाकण उचलत असताना समोर मास्तर येऊन उभे राहिले. सकाळीच बहिणीकडून परतले होते. बारीक झाले होते, शर्टाचं एक बटण तुटलेलं, आणि शिंप्याच्या अंगावर ते बघवत नव्हतं. हातात रिकामा हंडा. आता घरचं पाणी तेच भरणार होते.

"शिडी बरी आहे असं कळलं," मास्तर म्हणाले. "बाळही. बरं वाटलं."

"हो," काका म्हणाले.

"तुम्हाला भेटायचंच होतं. जाताना घाईत राहून गेलं." मास्तरांनी हंडा खाली ठेवला. "तुम्ही तिला एक दिवसही रांगेत उभं केलं नाहीत. तिन्ही वेळा. घरी येऊन मिरवायची, आज पण मीच पहिली म्हणून. तेवढं तरी सुख तिला मिळालं. तुमचे उपकार आहेत, काका." आणि ते काकांच्या पायाशी वाकायला लागले.

काकांनी त्यांचे खांदे धरले. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं. हा माणूस जन्मभर आपले उपकार मानील, आणि आपण रोज ते ऐकून घेऊ.

"मास्तर, वाकू नका," ते म्हणाले. "बसा इथे."

चेंबरच्या कडेला बसून त्यांनी सांगितलं. पाइपाचा श्वास, गटार, लाल पाणी, पहिला हंडा. आरोग्यवाल्या बाईने दिलेलं समाधान त्यांनी सांगितलं नाही, ते स्वतःच्या तोंडाने सांगायची त्यांना लाज वाटली. ऊन उंबऱ्यांवरून आत सरकत होतं. रांग लागली होती, तीन वाजून गेले होते. नंबराचा कायदा झाला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच काकांनी पाण्याला उशीर केला होता, आणि कुणीतरी मागून ओरडलंही. मास्तर खाली बघत होते, चेंबरच्या अंधारात. त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"तिला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. कुणालाच नव्हतं."

मास्तरांनी मान हलवली. "सोडा पाणी," ते म्हणाले. "बाया थांबल्यात."

काका उठले. बावीस फेऱ्या झाल्या. नळ खोकला, लाल पाणी आलं, मग फिकट, मग स्वच्छ. कुणी हंडा लावला नाही. स्वच्छ पाणी नळातून पडत राहिलं, उताराने वाहत राहिलं, ऊन अंगावर घेऊन संथपणे गल्लीतून खाली जात राहिलं. मास्तर नळाशी येऊन उभे राहिले आणि बघत राहिले. दहा मिनिटं. दहा मिनिटं किती असतात ते तेव्हा त्या दोघांनाच कळलं. मग काकांनी खूण केली आणि पहिल्या बाईने बादली लावली.

"एवढंच करायचं होतं?" मास्तरांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर काकांना सोसायला बरं पडलं असतं.

"हो," काका म्हणाले. "एवढंच, आणि उकळायचं."